वस्तू कशी उघडते, ते आधी बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही दोघी मैत्रिणी जयगडच्या खाडीजवळ राहता आणि खाडी, तिच्यातल्या होड्या, काठावरची माणसं यांच्यावर झीन, म्हणजे स्वतःच लिहून-छापून केलेला छोटा अंक, काढता. दोन अंक झाले, दोन्ही ए-५ आकाराचे, मधोमध पिना मारलेले. आता आकार, कागद आणि वेष्टन यांत वेगळं काही करायचंय, पण नेटवर जे दिसतं ते परदेशी, महाग आणि आपल्याकडे न मिळणारं. मग कल्पना शोधायच्या कुठे?

मी कुडाळला स्क्रीन प्रिंटिंग करते. लग्नपत्रिका, कापडी पिशव्या, दुकानांची लेबलं हे रोजचं काम, आणि त्यातून उरलेल्या वेळात गेली चौदा वर्षं छोटे अंक. माझी सुरुवातही नेटवरचे फोटो जमवण्यापासूनच झाली. दोनेक वर्षांनी लक्षात आलं की फोटोत अंक एक तर मिटलेला दिसतो, नाही तर पूर्ण उघडलेला. मधलं काहीच दिसत नाही. कुठला कोपरा आधी उचलायचा, काय ओढायचं, काय सोडवायचं, उघडताना आवाज कसा येतो, परत मिटताना हात कुठे अडतो, हे सगळं फोटोतून गळून जातं. अंकाचं वेगळेपण तर नेमकं तिथेच असतं. म्हणून मी आता वस्तू कशी उघडते तेवढंच बघते, आणि त्या दृष्टीने कोकणातलं कुठलंही घर, दुकान किंवा देऊळ म्हणजे भरलेलं कोठार आहे.

वैद्याची पुडी घ्या. चौकोनी कागद, एक टोक आपल्याकडे करून ठेवलेला. मधे चूर्ण. खालचं टोक वरच्या टोकाला भिडवलं की त्रिकोण होतो. डावं टोक आत, त्यावर उजवं टोक आत, आणि वरचं उरलेलं टोक खाली वाकवून त्या घडीच्या खोबणीत खोचायचं. ना डिंक, ना दोरा. पूर्वी असे शंभर कागद कापून ठेवलेले असायचे आणि बोलता बोलता पुड्या बांधून व्हायच्या. अशी पुडी उघडताना आपण नकळत हळू होतो, कारण आतलं सांडेल अशी भीती असते. ती भीती मी एका अंकात वापरली. आजीच्या बियाण्यांच्या आठवणी कागदाच्या बारीक पट्ट्यांवर छापल्या आणि पुडीत भरल्या. लोकांनी त्या ताटलीत उघडल्या. कुणाला तसं सांगावं लागलं नाही.

अंतर्देशीय पत्र आठवतं ना, निळं? तेच पत्र, तेच पाकीट. कडेच्या पट्ट्या चिकटवायच्या, की आतला मजकूर बंद. चाकरमान्यांच्या कित्येक पिढ्यांनी मुंबईहून घरी लिहिलं ते त्याच्यावर, आणि घरून मुंबईला गेलं तेही त्याच्यावरच. जागा संपली की कडेच्या पट्टीवर आडव्या ओळी सुरू व्हायच्या, म्हणजे वाचणाऱ्याला पत्र फिरवावं लागायचं. स्थलांतरावरचा कुठलाही अंक या घडीत शोभेल. वेगळ्या पाकिटाचा खर्चही वाचेल.

त्याहून मला जास्त शिकवलं ते पोस्टकार्डाने. कोपरा फाडलेलं कार्ड म्हणजे कुणीतरी गेल्याची बातमी. हळदकुंकवाची बोटं लागलेलं म्हणजे शुभवर्तमान. ज्याला अक्षर ओळखता येत नाही त्यालाही पोस्टमनच्या हातातलं कार्ड बघून कळायचं. कागदाची स्थिती हाच मजकूर. आकार किंवा सामान निवडताना मी स्वतःला हेच विचारते: अक्षरं झाकली तर हा अंक काय सांगेल? काहीच सांगत नसेल तर वेगळ्या आकाराचा खटाटोप करू नका, साधी पुस्तिका काढा. साध्या पुस्तिकेत कमीपणा काही नाही. उगाच खिडक्या कापलेल्या आणि फिती ओवलेल्या अंकांपेक्षा ती शंभरपट बरी.

माझे वडील जुनी दप्तरं बांधायचे. त्यांच्याकडून ‘रुमाल’ हा शब्द मला पहिल्यांदा कळला तो खिशातला नव्हे, कागदपत्रं बांधायच्या चौकोनी कापडाचा. पुण्याच्या पेशवे दप्तरातली मोडी कागदपत्रं अशाच रुमालांत बांधलेली. पोथीचंही तेच: लांबट सुटी पानं, वर-खाली लाकडी फळ्या आणि भोवती बासन. ‘बासनात गुंडाळून ठेवणे’ आपण वाईट अर्थाने म्हणतो, पण एकदा बासन सोडून बघा. गाठ सुटते, कापड चारी बाजूंना पसरतं आणि तेच वाचायला बसायचं आसन होतं. वेष्टन फेकून न देता त्यालाच वाचनाची जागा करायची; मला पुढे कुठल्याही महागड्या डिझाइनच्या पुस्तकात याहून चांगलं सापडलेलं नाही. अंकाला असं बासन करायचं तर जुन्या सुती साडीचा किंवा धुवट पंच्याचा दीड वीत चौकोन, कडा दुमडून शिवलेल्या, त्यावर एका रंगात स्क्रीनने छापलेलं शीर्षक. शिंपीकाका शंभर नग दोन दिवसांत शिवून देतात.

सवड काढून एकदा सावंतवाडीला या. राजवाड्यात गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले खेळायचे पत्ते, रंगवताना बघता येतात. दशावतारी गंजिफेचे १२० पत्ते: दहा अवतार आणि प्रत्येकाचे बारा, राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत. पत्ते गोल. गोल म्हणजे आकाराला वर-खाली नाही; हातात कसाही आला तरी कड सारखीच. कागदाचे थर चिंचोक्याच्या खळीने एकावर एक चिकटवून, त्यावर अस्तर देऊन, रंगवून मग लाखेचा हात. बोटांवरून सरकताना जो गुळगुळीत आवाज येतो तो ऐका. मी यावरून आठवडी बाजाराचा अंक केला: २४ गोल पत्ते, प्रत्येकावर एक विक्रेती आणि तिचं एक वाक्य, पानाला क्रमांक नाही. जो जसा पिसेल तसा बाजार. गोल कापायचं कसं हा प्रश्न आला तेव्हा बिल्ले बनवणाऱ्या दुकानदाराने त्याचा गोल कटर दोन तास वापरू दिला. कात्रीने गोल कापायच्या भानगडीत पडू नका, दहाव्या पत्त्याला बोट दुखतं आणि विसाव्याला गोल बिघडतो.

तिथून पिंगुळी जवळच आहे. ठाकर समाजाची चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवत कथा सांगायची कला, बघा. परशुराम गंगावणे यांना याच कलेसाठी २०२१ साली पद्मश्री मिळाली आणि त्यांनी घराच्या आवारात संग्रहालयही उभं केलं आहे. चित्रांच्या गठ्ठ्याला ‘पोथी’ म्हणतात, पण तिच्यात वाचायला मजकूर नसतो. चित्रं सुटी असतात, एकेक समोर धरायचं, आणि कथा सांगणाऱ्याच्या तोंडी, गाण्यातून. आपण अंक करताना चित्र आणि मजकूर एकाच पानावर कोंबतो ते केवळ सवयीने. तुमच्याकडे खाडीतल्या जुन्या तांडेलांचं, म्हणजे होड्यांच्या प्रमुखांचं, बोलणं ध्वनिमुद्रित असेल तर नुसत्या चित्रांचा गठ्ठा करा आणि आवाजासाठी एक क्यूआर कोड द्या. किंवा मजकुराची एक वेगळी लांब चिठ्ठी द्या, म्हणजे एकीने वाचायचं, दुसरीने चित्रं दाखवायची. दोघांनी मिळून वाचायचा अंक तुम्ही कधी बघितलाय?

तुमच्या बाजूला तर कातळशिल्पं आहेत, सड्यावरच्या म्हणजे उघड्या कातळाच्या माळावरच्या खडकात कोरलेल्या जुन्या आकृती. उक्षी, बारसू, कशेळी, देवाचे गोठणे. २०२२ साली ती युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत गेली. सड्यावर उभं राहिलं की पायाखाली नुसत्या रेघा दिसतात, आणि आकृती लक्षात येते ती थोडं लांब जाऊन किंवा उंचावरून. हे सरळ अंकात उतरतं. ए-४ चे १६ कागद चार बाय चार मांडले की बरोबर ए-० होतो. प्रत्येक कागदाच्या एका बाजूला मजकूर, दुसऱ्या बाजूला चित्राचा सोळावा तुकडा. वाचून झालं की फरशीवर मांडायचं आणि खुर्चीवर चढून बघायचं. एक कळकळीची विनंती: कागद ठेवून घासून ठसा घ्यायचा मोह होईल, पण कातळशिल्पांवर तो कधीही घेऊ नका. ठसा घ्यायचाच तर घराच्या जांभ्याच्या गडग्यावर घ्या. जांभ्याचा तो जाळीदार पोत पेन्सिलच्या नुसत्या शिश्याने फार सुंदर उमटतो.

परदेशी उदाहरणं बघूच नका असं मी म्हणत नाही. बघायची ती त्या लोकांनी कल्पना कुठून उचलली हे कळण्यासाठी. न्यूयॉर्कमध्ये फिलिस जॉन्सन यांनी १९६५ ते १९७१ या काळात ‘ॲस्पेन’ नावाचं नियतकालिक काढलं, ते खोक्यातून यायचं. सुटे कागद, लवचिक ध्वनिमुद्रिका, एका अंकात तर सुपर-८ फिल्मचं रीळ. अमेरिकन चित्रकार अँडी वॉरहॉलने सजवलेल्या अंकाचं खोकं कपडे धुण्याच्या पावडरीच्या खोक्यासारखं होतं. म्हणजे तोही वाण्याच्या दुकानातच गेला होता! ब्राझीलच्या ईशान्य भागात लाकडी ठशांची मुखपृष्ठं असलेल्या छोट्या काव्यपुस्तिका बाजारात दोरीवर टांगून विकतात, आणि ‘कोर्देल’ हे त्यांचं नावच मुळी दोरीवरून आलं. ते वाचलं तेव्हा मला पहिल्यांदा आठवली ती आमच्या गणपतीवरची माटवी. लाकडी चौकट, तिला टांगलेले नारळ, सुपारीचे घड, तवशी, कवंडळं. पुढच्या वर्षी देवळाच्या मांडवात आम्ही अंक माटवीसारखा टांगला, एकेक पान एकेका दोरीला. लोक माना वर करून, सुपारीचे घड बघतात तसे, वाचत होते.

आता तुमची खाडी. मला दोन गोष्टी सुचतात.

एक, तवसाळला जाणारी फेरीबोट. ए-३ कागदाच्या लांबीला धरून दोन पट्ट्या करा, प्रत्येकी ४२० मिमी लांब. प्रत्येक पट्टीवर १०२ मिमीची चार पानं बसतात आणि १२ मिमी जोडपट्टीसाठी उरतात. अशा तीन पट्ट्या जोडून पंख्यासारखी घडी घाला, बारा पानांचा अंक. पुढच्या बाजूला जयगडहून तवसाळला जाणं, मागच्या बाजूला परतीचा प्रवास. मलपृष्ठ नाहीच, दोन्ही टोकांना मुखपृष्ठ. जो ज्या काठावर राहतो तो तिथून सुरुवात करील. मधली घडी नेमकी पाण्याच्या मध्यावर येईल अशी चित्रं मांडा.

दोन, भरती-ओहोटी. खालच्या पानावर ओहोटीची खाडी: चिखल, खारफुटीची मुळं, कुर्ल्यांची बिळं, कालवं काढणाऱ्या बाया. त्यावर बटर पेपर आणि त्यावर फक्त पाणी, फिक्या निळ्यात. पान उलटलं की पाणी ओसरतं. बटर पेपर मिठाईवाल्याकडचा नको, तो तेलकट असतो आणि शाई धरत नाही. आर्किटेक्ट वापरतात तो ट्रेसिंग पेपर घ्या, ९० जीएसएमच्या (कागदाच्या जाडीचं, वजनाचं माप) आसपासचा. इंकजेटची शाई त्यावर पसरते. झेरॉक्सचा टोनर बसतो, पण घडीवर सुटतो, म्हणून ते पान दुमडू नका, कडेला शिवा.

आणि शिवायचंच. पिना सोडा. आपल्या खाऱ्या हवेत लोखंडी पिन एका पावसाळ्यात तांबते, कागदावर तिचा डाग उतरतो, आणि पाच वर्षांनी मधलं पान हातात येतं. तीन भोकांची शिलाई अर्ध्या तासात शिकता येते: आतून मधल्या भोकातून बाहेर, वरच्या भोकातून आत, आतूनच मधलं भोक ओलांडून खालच्यातून बाहेर, आणि परत मधल्या भोकातून आत. दोऱ्याची दोन टोकं मधल्या लांब टाक्याच्या दोन बाजूंना ठेवून गाठ मारायची. दोरा सुती, मेणबत्तीवर दोनदा ओढलेला. तुमच्या काठावर जाळी दुरुस्त करणारे असतील, त्यांच्याकडचा नायलॉनचा दोराही चालतो. त्याचा हिरवा-निळा रंग खाडीच्या अंकाला शोभेल, फक्त त्याची गाठ सरकते, म्हणून दुहेरी मारा.

सामानाच्या बाबतीत माझं मोठं नुकसान झालं ते सांगते, म्हणजे तुमचं होणार नाही. पोफळीची विरी, म्हणजे झावळीच्या बुडाचं रुंद आवरण, वाकते, तिला चामड्यासारखा पोत असतो, बागेत फुकट मिळते. मी तिची साठ मुखपृष्ठं केली आणि अंक जुलैत बांधले. पंधरा दिवसांत पांढरी बुरशी धरली, ती आतल्या पानांवर गेली, साठच्या साठ प्रती जाळाव्या लागल्या. आता विरी मी फेब्रुवारी ते एप्रिलमध्येच गोळा करते. रात्रभर भिजवून, पुसून, फळीखाली दाबून कडक उन्हात चार दिवस वाळवते. तरीही ती कागदाला चिकटवत नाही, फक्त बाहेरची म्यान करते. ओली पानं, फुलं, भाताचा पेंढा हे टपालात घालायचं नाही. मुक्कामाला पोचेपर्यंत किडे होतात.

रंगांचं म्हणाल तर कोकमाचा गुलाबी कागदावर वेड लावतो, पण आगळ (कोकमाचा साठवणीचा रस) वापरू नका, त्यात मीठ असतं आणि मीठ हवेतली ओल ओढतं. बिनमिठाचा रस घ्या, आणि तो घडीच्या आतल्या बाजूला, कारण उन्हात महिन्याभरात उडतो. खैराचा कात मात्र टिकतो. गरम पाण्यात विरघळवून कागद एकदा बुडवला की तपकिरी, तीनदा बुडवला की जुन्या दप्तरासारखा. हळदीचा कागद तर खेळच आहे. त्यावर साबणाचं ओलं बोट फिरवलं की तिथे लालसर उमटतं, कारण हळद क्षाराने लाल होते. एका पानावर लिहा, ‘इथे साबणाचं बोट फिरवा’. मुलं दिवसभर तेच करत बसतील. बिब्बा आणि काजूच्या टरफलाचं तेल यांच्या वाटेला जाऊ नका. दोन्हींचा डाग पक्का बसतो, पण हातावर फोड येतात, आणि वाचणाऱ्याच्याही येतील. घरच्या खळीत बुरशी होऊ नये म्हणून जुने बाइंडर मोरचूद घालायचे, ते विष आहे. तुम्ही खळ रोजच्या रोज ताजी करा किंवा सरळ फेव्हिकॉल वापरा.

सामान स्वस्तात कुठे मिळतं? प्रेसवाल्याकडे कटिंगमधून निघालेल्या पट्ट्या, बंद झालेल्या लग्नपत्रिकांचे नमुने, रंग जुळवताना दोन-तीनदा छापलेले वाया कागद. त्यांच्यावर छापा, प्रत्येक प्रत वेगळी होते. फ्लेक्सच्या दुकानात आयलेट, म्हणजे भोकाला बसवायच्या धातूच्या कड्या, ठोकून मिळतात. आंब्याचा सीझन संपला की पेट्यांचे पुठ्ठे आणि लाकडी पट्ट्या मिळतात, पोथीच्या फळ्यांना उत्तम. फुलवाल्यांकडे केळीचं सोपट, म्हणजे खोडाचे पापुद्रे. मागताना अंकाची एक प्रत बरोबर न्या. आपलं टाकाऊ कशाला लागतं हे बघून माणसं हात सैल सोडतात.

वेष्टनाला मात्र मी कठोर नियम लावते: एसटीच्या टपावर भिजून, गोणीखाली दबून पोचलं पाहिजे. टोनरवर छापलेलं पाण्याने पसरत नाही, इंकजेटचं पसरतं. टोनरची पानं मऊ प्लास्टिकच्या पिशवीत ठेवाल तर मे महिन्याच्या उकाड्यात अक्षरं प्लास्टिकला चिकटतील. मधे साधा कागद घाला. पावसाळी अंकासाठी माझ्या डोक्यात बरेच दिवस इरलं आहे. लावणीला वाकलेल्या बाईच्या पाठीवरचं ते पानांचं छप्पर, डोक्यापासून कमरेपर्यंत, हात मोकळे ठेवणारं. अंकालाही पाठीवरून तसंच मेणकागदाचं आवरण घालायचं, समोरून उघडं. अजून जमलेलं नाही. पाठीचा बाक कागदात उतरत नाही. बांबूच्या बारीक कामट्या घालून बघते आहे.

तुम्ही महिनाभर एक वही ठेवा. दिवसभरात जे उघडाल ते त्यात टिपा: मसाल्याची पुडी, देवाचा करंडा, हळदीच्या पानातलं पातोळं, एसटीच्या पासाचं पाकीट, जाळ्याची गुंडाळी. चित्र येत नसेल तर बाण काढा; आधी काय, मग काय. महिन्याच्या शेवटी त्यातल्या तीन हालचाली निवडा आणि मजकूर न घालता कोऱ्या कागदाचे तीन नमुने करा. ते शेजारच्या काकूंना, एखाद्या शाळकरी मुलाला आणि फेरीबोटीवरच्या कुणाला तरी द्या. काही सांगू नका, फक्त हात बघा. जिथे माणूस थांबून तुमच्याकडे बघतो तिथे घडी चुकली आहे. जिथे तो थांबून वस्तूकडे बघतो तिथे तुमचं महत्त्वाचं पान ठेवा.

आत्ता पाऊस आहे, छपाईला घेऊ नका. कोरे नमुने करा. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की कागद कापायला घ्या.